खांबेट्यांचे पहाडी बूट

मुलीच्या लग्नाची बोलणी बसून करायची असतात, असा बळवंतराव खांबेटे यांचा ठाम समज होता. सोफ्यावर बसा, सतरंजीवर बसा, फार तर गच्चीत खुर्च्या टाकून बसा, पण बसा. बसल्याशिवाय पोह्यांची बशी हातात धरता येत नाही, आणि हातात बशी नसली तर मुलीच्या बापाने बघायचं कुठे? त्यामुळे मुलाचे वडील शशिकांत निगुडकर जेव्हा फोनवर म्हणाले, "आपण चालता चालता बोलू या ना," तेव्हा बळवंतरावांना वाटलं, यांनी नवा कॉर्डलेस फोन घेतला असावा आणि ते घरातल्या घरात फेऱ्या मारत असावेत.

"नाही नाही, खांबेटेसाहेब," निगुडकर म्हणाले. "सोहन्याच्या पुढे अरवलीचे पहाड आहेत ना, तिथे. दोन हफ्त्यांनंतरच्या संडेला सकाळी दोन्ही फॅमिली मिळून चढू. ड्रॉइंग रूममध्ये बसून आदमी की पहचान नहीं होती. पहाडावर अर्ध्या तासात सगळं समजतं."

बळवंतरावांनी रिसिव्हर खाली ठेवला आणि ते जवळच्या खुर्चीत बसले. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते अवर सचिव होते. पंचवीस वर्षं दिल्लीत, त्यातली बारा या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, आणि एवढ्या काळात कुणीही त्यांची परीक्षा उभ्याने घेतली नव्हती.

लेकीने, अपूर्वाने, मुलगा स्वतःच पसंत केला होता. गुडगावला शेतं उठवून काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या, त्यातल्या एकीत ती नोकरीला होती आणि अंशुमन निगुडकर तिथेच तिच्या पलीकडच्या टेबलावर बसायचा. मुलगा चांगला होता. त्याचे वडील मात्र अवघड होते.

"बाबा, प्लीज, तुम्ही चढा," अपूर्वा म्हणाली. "अंशुमनच्या दादाच्या वेळी एक स्थळ त्याच्या पप्पांनी यावरूनच कॅन्सल केलं. मुलीचे वडील अर्ध्यात बसले आणि म्हणाले, इथे ऑटो मिळेल का?"

"मी साताऱ्याचा आहे," बळवंतराव ताठ होत म्हणाले. "अजिंक्यतारा आम्ही रोज सकाळी दूध आणायला चढायचो."

किल्ल्यावर दूध कोण विकत होतं, हे हेमलताबाईंनी लग्नाला एवढी वर्षं झाली तरी विचारलं नव्हतं. आताही त्यांनी एवढंच विचारलं, "अहो, पण पायात काय घालणार?"

प्रश्न वाजवी होता. बळवंतरावांकडे ऑफिसचे काळे बूट होते आणि लग्नाकार्याचे तपकिरी. त्यांच्या मते पादत्राणांचा विषय तिथे संपत होता. तो तिथे संपत नाही, हे वरच्या मजल्यावरच्या बॅनर्जींनी त्यांना दीड तास समजावून सांगितलं. बॅनर्जी ऑक्टोबरात माकडटोपी घालायचे ते थेट होळीला काढायचे, आणि दर पूजेच्या सुट्टीत पहाडावर जायचे.

"दादा, पहाड को हल्का मत लीजिए," ते म्हणाले. "तळवा खोल खाचांचा पाहिजे," असं ते म्हणाले नाहीत, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी बळवंतरावांची चप्पल उलटी करून गुळगुळीत तळवा दाखवला आणि मान अशी हलवली की चप्पल गेल्यातच जमा. मग त्यांनी नियम सांगितले. बूट संध्याकाळी घ्यायचे, कारण दिवसभरात पाय फुगतो. एक नंबर मोठे घ्यायचे, कारण उतरताना अंगठे पुढे आपटतात. घोटा धरला गेला पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की नवा बूट थेट पहाडावर न्यायचा नाही. आधी घरी वापरून तो मवाळ करायचा. बळवंतराव हादरले. सरकारी नोकरीत नवा माणूससुद्धा इतक्या काळजीने कुणी घेत नाही.

शनिवारी संध्याकाळी, पाय पुरेसे फुगल्याची खात्री करून, ते साउथ एक्स्टेन्शनच्या नव्या काचेच्या दुकानात शिरले. आत भिंतभर बूट होते. निळे, राखाडी, एक तर चक्क पिवळ्या रंगाचा. टाय लावलेल्या विक्रेत्याने नम्रपणे विचारलं, "सर, वॉकिंग, ट्रेल या हाइकिंग?"

बळवंतरावांच्या हिशेबी ही एकाच गोष्टीची तीन नावं होती. त्यांनी आपलं मधलं निवडलं, कारण मंत्रालयात मधला पर्याय निवडणाऱ्याला आजवर कुणी मेमो दिलेला नाही. मग त्यांनी किंमत विचारली, आणि ऐकल्यावर पुन्हा विचारलं, "दोनों पैरों का मिला के?"

पण खरा अपमान पुढेच होता. दुकानाच्या दर्शनी काचेला लागून लाकडी फळीवर गोटे बसवून एक उतार केला होता आणि गिऱ्हाइकाने बूट घालून त्यावर चढउतार करून बघायचं होतं. बळवंतराव सफारी सूटमध्ये दोन्ही हात पसरून त्या फळीवर उभे राहिले, तेव्हा काचेपलीकडच्या बसथांब्यावर त्यांच्याच सेक्शनमधले तिघे उभे होते. तिघांनी आदराने नमस्कार केला. बळवंतरावांनाही फळीवरूनच नमस्कार करावा लागला, आणि दोन्ही हात जोडल्यावर तोल जातो हे त्यांना त्याच वेळी समजलं. पडल्यावर माणूस बूट परत करू शकत नाही. त्यांनी ते राखाडी, लाल नाडीचे बूट घेतले.

घरी खोकं उघडून होतं न होतं तोच खालच्या मजल्यावरच्या वैजयंती वहिनी कोथिंबीर मागायला आल्या. या मूळच्या नागपूरच्या, आणि कॉलनीतले सगळे ग्रह यांच्या ओळखीचे.

"बूट? आज?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "अहो भाऊजी, आज शनिवार नं! लोखंड, तेल आन् जोडे शनिवारी कोणी घरात आणते का? शनि पाठोपाठ येते नं चालत!"

"जिने चढून?" बळवंतरावांनी विचारलं. पण हेमलताबाई हसल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि ती पुढचे दोन आठवडे तिथेच राहिली.

बूट मवाळ करण्याचं काम रविवारपासून सुरू झालं. पहाटेच्या धुक्यात पायजमा, स्वेटर, मफलर आणि खाली ते भव्य बूट अशा वेषात बळवंतराव कॉलनीभर फिरले. दूधवाल्याने सायकल थांबवून बघितलं. कुत्र्यांनी आधी भुंकून बघितलं आणि मग मागे मागे यायला सुरुवात केली. बूट काही मवाळ होईनात. तेव्हा बॅनर्जींनी सांगितलं की थोडी ऊब द्या. किती थोडी, ते सांगायचं राहिलं. बळवंतरावांनी डावा बूट हीटरच्या जाळीला टेकवून ठेवला आणि बातम्या बघत बसले. वास आल्यावर सगळे धावले. टाचेवर जाळीचे तीन आडवे काळे पट्टे उमटले होते, थेट शंकराच्या कपाळावर असतात तसे. बळवंतरावांना भर थंडीत घाम फुटला. त्यांनी आयुष्यात एवढी महाग वस्तू कधी भाजली नव्हती.

आणि मग सरकार मध्ये आलं. सोहना हरियाणात. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याने सुट्टीच्या दिवशीही मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते. हा नियम आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो पाळायचा असतो हे फक्त बळवंतरावांना. कॉलनीतली माणसं दर रविवारी गुडगाव, फरिदाबाद, नोएडा करून यायची. बळवंतरावांनी मात्र रीतसर अर्ज केला आणि कारणाच्या जागी प्रामाणिकपणे लिहिलं, डोंगर चढणे. अर्ज वर गेला आणि "कृपया चर्चा करा" असा शेरा घेऊन खाली आला. चर्चा करणारे साहेब दौऱ्यावर होते. मंत्रालयात कुजबुज सुरू झाली की खांबेट्यांची मनःस्थिती ठीक नाही. बसथांब्यावरच्या तिघांनी तिला साक्षीपुरावा जोडला. ठरलेला रविवार हातचा गेला. बळवंतरावांनी निगुडकरांना फोन करून पुढच्या आठवड्याची विनंती केली.

"कमाल है," निगुडकर कोरडेपणाने म्हणाले. "पहाड चढायला सरकारची परवानगी?"

हेमलताबाईंनी तो सूर पलीकडच्या खोलीतून ऐकला. त्यांच्या मनात सगळं जुळलं. शनिवारची खरेदी, भाजलेली टाच, अडकलेला अर्ज, व्याह्यांचा बिघडलेला आवाज. लेकीचं लग्न आता हातातून जाणार, या भीतीने त्या रात्रभर तळमळल्या आणि सकाळी वैजयंती वहिनींकडे गेल्या.

त्या शनिवारी संध्याकाळी बळवंतराव बाजारातून आले तेव्हा खोकं रिकामं होतं.

"बूट कुठे आहेत?"

"गेले," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पंधरा दिवसांनी पहिल्यांदा मोकळा दिसत होता. "शनीच्या देवळाबाहेर पायरीवर ठेवले आणि आत गेले. मुद्दाम चार प्रदक्षिणा जास्त घातल्या. बाहेर येऊन बघते तर नाहीत! देवळातून जोडे चोरीला गेले की पनवती त्यांच्याबरोबर जाते."

बळवंतरावांनी खोकं उलटं करून पाहिलं. "अगं," ते म्हणाले, "माझ्या जुन्या चपला ठेवायच्या होत्यास!"

"जुन्या चपलांवर शनि फसतो होय? वैजयंती म्हणाल्या, जीव अडकलेली वस्तू पाहिजे. तुमचा जीव या घरात दुसऱ्या कशात अडकलाय, सांगा!"

हे खोटं नव्हतं म्हणून ते जास्तच लागलं. तसे बूट पुन्हा घेण्याची हिंमत खिशात नव्हती आणि त्या फळीवर पुन्हा उभं राहण्याची मनात नव्हती. परवानगी मात्र सोमवारी अचानक आली, आणि हेमलताबाईंनी ती पनवती गेल्याच्या खाती जमा केली. पुढच्या रविवारी बळवंतराव मुलाचे, सुधन्वाचे, शाळेत असतानाचे पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिले. सुधन्वा आता कॉलेजात होता आणि हे दृश्य बघायला लागू नये म्हणून परीक्षेचं निमित्त सांगून घरीच थांबला होता.

निगुडकर भरभक्कम होते. एका परदेशी कंपनीत मॅनेजर. आजोबांपासून दिल्लीत, बालपण करोल बागेत, आणि आता गुडगावच्या नव्या वस्तीत स्वतःचं घर. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई शांत, जराशा थकलेल्या दिसत होत्या. निगुडकरांनी बळवंतरावांच्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"या जूत्यांमध्ये चढणार?"

"साताऱ्याची सवय," बळवंतराव म्हणाले आणि चढू लागले.

वाट नव्हतीच. कीकरची काटेरी झुडपं आणि मुरूम. पीटीचे बूट त्या मुरमावरून दर दोन पावलांना एक पाऊल मागे यायचे. बळवंतराव दोनदा गुडघ्यावर आले आणि दोन्ही वेळा त्यांनी खाली दगडाची पाहणी करत असल्याचं दाखवलं. अपूर्वा खालचा ओठ चावत मागून येत होती आणि अंशुमन तिच्याशी काहीतरी हळू बोलत होता. निगुडकर काहीच बोलत नव्हते. मुलाचा बाप बोलत नाही तेव्हा तो मोजत असतो, हे बळवंतरावांना माहीत होतं. लेकीचं लग्न आपल्या पायाखालून सुटतंय असं त्यांना प्रत्येक घसरणीला वाटत होतं.

वर सपाटीवर पोचल्यावर निगुडकर एका दगडावर पाय ठेवून उभे राहिले.

"बूट असे पाहिजेत, खांबेटेसाहेब," ते खुशीत म्हणाले. "इम्पोर्टेड. जुन्या दिल्लीच्या संडे बाजारात फुटपाथवर मिळाले, मागच्याच हफ्त्यात. अगदी मिट्टी के मोल! शोरूममधून घेणारे लोक बेवकूफ असतात."

बेवकूफाने वाकून बघितलं. राखाडी बूट. लाल नाडी. डाव्या टाचेवर तीन आडवे काळे पट्टे.

बळवंतरावांना अरवली हलल्यासारखी वाटली. त्यांनी हेमलताबाईंकडे पाहिलं. त्यांनीही ते पट्टे पाहिले होते. त्यांच्या हातातला पुऱ्यांचा डबा तसाच तिरका राहिला होता आणि लोणच्याचं तेल साडीवर ठिबकत होतं. पुढच्याच क्षणी त्यांनी नवऱ्याला एका कीकरमागे ओढलं.

"अहो! आपली पनवती यांच्या घरी गेली!"

"गेली ना?" बळवंतराव दम घेत म्हणाले. "मग सुटलो की."

"सुटलो काय? जरा डोकं चालवा! आपली अपूर्वा त्याच घरात जाणार आहे! पोरीच्या आधी आपण तिथे साडेसाती पोचवून ठेवली!" त्यांचे डोळे भरून आले. "काहीही करा, पण ते बूट आज परत आणा. मी हात जोडते."

बळवंतरावांचा शनीवर विश्वास नव्हता. पण रडणाऱ्या बायकोवर होता. ज्या माणसाने ऑफिसातली टाचणी कधी घरी आणली नाही, त्याला आता होणाऱ्या व्याह्यांचे बूट चोरायचे होते.

संधी जेवणाने दिली. अहिल्याबाईंनी सतरंजी अंथरली आणि दिल्लीत तीन पिढ्या काढूनही निगुडकरांनी सतरंजीवर पाय ठेवण्याआधी बूट काढले. सगळ्यांनीच काढले. पुऱ्या संपत आल्या तसे बळवंतराव हात धुण्याच्या निमित्ताने सगळ्यांच्या आधी उठले, सतरंजीच्या कडेला गेले, आणि राखाडी बुटांत पाय घातले. बुटांनी लगेच ओळख दिली. बळवंतरावांनी लाल नाड्यांची गाठ मारली, उभे राहिले, आणि मागे वळले तर समोर सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"खांबेटेसाहेब," निगुडकर हळूच म्हणाले, "हे तर माझे."

अपूर्वाचा चेहरा पांढरा पडला होता. अवर सचिव खांबेटे, सेवापुस्तकात एकही डाग नसलेले, दुसऱ्याच्या बुटांत उभे होते. खरं सांगावं तर पोरगी पनवतीवाल्यांची ठरणार. चुकून घातले म्हणावं, तर पांढऱ्या आणि राखाडीतला फरक न कळणारा बाप ठरणार, आणि शिवाय काढून द्यावे लागणार. बळवंतरावांनी तोंड उघडलं. आतून काय येणार आहे याची त्यांनाही कल्पना नव्हती.

"आमच्यात पद्धत आहे," ते म्हणाले.

"कसली?"

"सोयरीक पक्की झाली की व्याह्यांनी एकमेकांचे जोडे घालायचे. दोन्ही घरांचं येणं-जाणं कायम राहावं म्हणून. साताऱ्याकडची फार जुनी पद्धत आहे."

अशी पद्धत साताऱ्याला नाही, कोल्हापूरला नाही, कुठेच नाही. बोलून झाल्यावर आपण याहून भयंकर काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. सोयरीक पक्की झाली, असं मुलीचा बाप म्हणाला होता! मुलाच्या बापाने अजून होही म्हटलं नव्हतं! हेमलताबाईंनी डोळे मिटून घेतले.

निगुडकर मात्र त्या बुटांकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"सुना, अहिल्या?" ते डोळे टिपत म्हणाले. "अपनीच रीत, आणि आपल्याला माहीतच नाही. दादाजी गेल्यावर घरात हे सांगणारं कुणी उरलंच नाही." आणि ते खाली बसून पीटीचे बूट पायात कोंबू लागले. बूट त्यांना एका नंबराने लहान होते. "मला वाटलं होतं, सरकारी माणूस, चढेल की नाही. आणि यांनी या अशा जूत्यांमध्ये पहाड चढला, एक शब्द शिकायत नाही. पक्की, व्याही! बिल्कुल पक्की!"

त्यांनी बळवंतरावांना मिठी मारली. अपूर्वा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. उतरताना निगुडकर प्रत्येक पावलाला कळवळत होते, पण रीत म्हणून त्यांनी ते पांढरे बूट गाडीपर्यंत काढले नाहीत. बळवंतराव त्यांच्या शेजारून ऐटीत उतरले. अंगठे कुठेही आपटले नाहीत. एक नंबर मोठा घ्यावा, हे बॅनर्जींचं अगदी खरं होतं.

घरी पोचल्यावर बळवंतराव दाराबाहेर नाड्या सोडायला बसले. आज आपण लेकीचं लग्न जमवलं, व्याह्यांना जिंकलं आणि बूटही परत मिळवले, याचं त्यांना कौतुक वाटत होतं आणि ते बायकोच्या तोंडून ऐकायची त्यांची इच्छा होती. हेमलताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. निगुडकरांनी गाडीने घरी सोडलं तेव्हा मागच्या सीटवर दोघी विहिणी हळू आवाजात बोलत होत्या, आणि उतरल्यापासून हेमलताबाईंची नजर त्या बुटांवरच होती.

"काय झालं?" बळवंतरावांनी विचारलं. "काय म्हणाल्या अहिल्याबाई?"

"म्हणाल्या, हे बूट घरात आले त्या दिवसापासून एक गोष्ट सरळ झाली नाही. गीझर फुटला, अंशुमन स्कूटरवरून पडता पडता वाचला, यांचं ऑफिसात भांडण झालं. त्यांच्या शेजारणीने सांगितलं, ही कुणाची तरी पनवती आहे. बिचाऱ्या रोज फाटकाबाहेर ठेवायच्या, पण कुणी उचलेना. आणि म्हणाल्या, आज तुमच्या मिस्टरांनी आपणहून पायात घातले. देवच धावून आला, हेमलताताई!"

बळवंतराव एक बूट काढलेल्या अवस्थेत थिजले. "म्हणजे त्यांना माहीत होतं? आणि त्यांनी ती आपल्याकडे जाऊ दिली? मुलीकडच्यांकडे?"

"जाऊ दिली."

"कमाल आहे! मी आत्ताच्या आत्ता हे नेऊन," ते उठलेच, "रस्त्यावर, नाल्यात, कुठेही."

"मुळीच नाही." हेमलताबाईंनी त्यांच्या हातातून बूट घेतला, दुसराही काढायला लावला, दोन्ही पदराने पुसले आणि ते घेऊन आत गेल्या. जोडे कधीही स्वयंपाकघराच्या जवळपासही येऊ न देणाऱ्या त्या बाईने कपाट उघडलं, अपूर्वासाठी जमवलेल्या शालूंच्या खालच्या खणात ते ठेवले, आणि किल्ली फिरवून कमरेला खोचली. बळवंतराव अनवाणी मागे उभे राहून बघत होते.

"रस्त्यावर टाकले की कुणीतरी उचलणार," त्या म्हणाल्या. "आणि फिरून फिरून कुणाच्या दारात जातात ते आपण बघितलंय. राहू देत इथंच. आपलं काय व्हायचं ते होईल. त्या घरात आपली फक्त पोरगी जाईल."